रेघ कोठें आहे? बेंझीनमधील सामाईक इलेक्ट्रॉनांची हकीकत

गेल्या वर्षींची गोष्ट. इयत्ता दहावीच्या वर्गांत कार्बनी संयुगांचा पाठ चालला होता. मीं फळ्यावर एक षट्कोन काढिला, त्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर कार्बनचा एक अणु मांडिला, आणि एक बाजू सोडून एक अशा दुहेरी रेघा ओढून "हें बेंझीन" असें सांगितलें. मग शेजारीं तसाच दुसरा षट्कोन काढून त्यांत दुहेरी रेघांच्या जागा बदलल्या, व म्हणालों, "बेंझीनमधील दुहेरी बंध या दोन स्थितींमध्यें इतक्या वेगानें हेलकावत असतात कीं, कोणती खरी हें सांगतां येत नाहीं." इतक्यांत मागच्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली, "सर, मग बेंझीन खूप थंड केलें तर त्या रेघा एका जागीं थांबतील काय?"

प्रश्न मोठा मार्मिक होता. परंतु तास संपत आला होता आणि पाठ पुरा व्हावयाचा होता. "हें परीक्षेंत विचारीत नाहींत, खालीं बैस," असें म्हणून मी पुढें गेलों. मुलगी खालीं बसली. पण प्रश्न कांहीं खालीं बसला नाहीं. त्या रात्रीं पुस्तकें काढून पाहतां माझ्या ध्यानांत आलें कीं, चूक विचारणाऱ्याची नसून उत्तर टाळणाऱ्याची होती. इतकेंच नव्हे, तर रेघा हेलकावतात हें जें मीं सांगितलें तेंच मुळीं बरोबर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं वर्गांत मीं तसें कबूल केलें. पण दहा मिनिटांत पुरा होण्यासारखा तो विषय नाहीं. ज्या मुलांस तो अर्धाच मिळाला त्यांस पुरा मिळावा, आणि त्यांच्या वडीलमंडळींसहि आपलीं मुलें काय शिकतात तें कळावें, या हेतूनें तो येथें मांडीत आहें.

प्रथम रेघ म्हणजे काय तें पाहूं. प्रत्येक अणूच्या मध्यभागीं धनविद्युत् असलेलें केंद्रक असतें, आणि त्याच्या भोंवतीं ऋणविद्युत् असलेले इलेक्ट्रॉन असतात. इलेक्ट्रॉनाचा शोध जे. जे. टॉमसन यांनीं १८९७ सालीं लाविला. पुढें १९१६ सालीं अमेरिकेंतील गिल्बर्ट ल्युईस यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, दोन अणु जेव्हां इलेक्ट्रॉनांची एक जोडी उभयतांत वांटून घेतात, तेव्हां ते एकमेकांस बांधले जातात. आपण दोन अणूंमध्यें जी रेघ ओढतों ती या जोडीची खूण होय. एक रेघ म्हणजे एक जोडी. दोन रेघा म्हणजे दोन जोड्या. कार्बनच्या बाहेरच्या कक्षेंत चार इलेक्ट्रॉन असतात, म्हणून तो चार रेघा धरूं शकतो. हायड्रोजन एकच धरतो. या साध्या लिपीनें रसायनशास्त्राचें फार मोठें काम केलें आहे. परंतु तींत एक गोष्ट न सांगतां गृहीत धरिलेली असते. ती ही कीं, प्रत्येक जोडी दोनच अणूंच्या मालकीची आहे. हें गृहीत जेथें ठळकपणें लंगडें पडलें, तो पदार्थ म्हणजे बेंझीन.

त्याची कथा १८२५ सालीं लंडन येथें सुरू होते. त्या काळीं दिव्यांसाठीं तेल तापवून गॅस तयार करीत, आणि तो दाबून लोखंडी नळकांड्यांत भरीत. त्या नळकांड्यांच्या तळाशीं एक तेलकट द्रव सांचे. रॉयल इन्स्टिट्यूशनमधील मायकेल फॅरडे यांनीं त्यांतून एक स्वच्छ, रंगहीन पदार्थ निराळा काढिला. तो सुमारें ५.५ अंश सेल्सिअसला गोठतो आणि ८० अंशांस उकळतो. पुढें १८३३ सालीं जर्मनींतील आइलहार्ड मिट्शेर्लिख यांनीं तोच पदार्थ निराळ्या वाटेनें मिळविला. ऊद नांवाच्या सुगंधी राळेपासून एक आम्ल मिळतें; तें त्यांनीं चुन्याबरोबर तापविलें. बेंझीन हें नांव या ऊदावरूनच आलें आहे. अरब व्यापारी ऊदास 'लुबान जावी', म्हणजे जावाचा धूप, म्हणत. युरोपांत जातां जातां त्या शब्दाचा 'बेंझोइन' झाला, आणि त्यापासून बेंझीन निघालें. आपल्या घरांतला 'लोबान' हा शब्द त्याच कुळांतला आहे.

बेंझीनच्या रेणूंत सहा कार्बन आणि सहाच हायड्रोजन असतात. हें प्रमाण विलक्षण आहे. सहा कार्बनांची साधी साखळी केली तर ती चौदा हायड्रोजन बाळगूं शकते. येथें तर आठ कमी. असा अर्धपोटीं पदार्थ मिळेल तें ओढून घेणारा असावयास पाहिजे. इथीन वायूचा अनुभव तसाच आहे. ब्रोमीनच्या तांबूस पाण्यांतून तो सोडिला कीं पाण्याचा रंग पाहतां पाहतां उडतो, कारण इथीनचा दुहेरी बंध उघडून ब्रोमीनला आंत घेतो. बेंझीन मात्र ब्रोमीनबरोबर स्वस्थ राहतें. लोखंडासारख्या मध्यस्थाची मदत दिली तर क्रिया होते. पण तेव्हांहि बेंझीन ब्रोमीनची भर घालून घेत नाहीं, एक हायड्रोजन सोडून देऊन त्याच्या जागीं ब्रोमीन बसवितें. उपाशी माणसानें पक्वान्नाचें ताट मागें सारावें, तसाच हा प्रकार होता.

बेल्जममधील घेंट येथें अध्यापन करणारे जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट केकुले यांनीं १८६५ सालीं सुचविलें कीं, हे सहा कार्बन साखळींत नसून कड्यांत गुंफलेले असावेत. पुढें १८९० सालीं बर्लिन येथें त्यांचा सत्कार झाला, तेव्हां त्यांनीं सांगितलें कीं, शेकोटीजवळ डुलकी लागली असतां स्वतःचें शेपूट तोंडांत धरलेला साप दिसला, आणि त्यावरून ही कल्पना सुचली. कडें बरोबर होतें. पण कार्बनच्या चार रेघा पुऱ्या करावयाच्या तर कड्याच्या तीन बाजू दुहेरी आणि तीन एकेरी मानणें भाग होतें. आणि येथेंच अडचण उभी राहिली.

समजा, शेजारशेजारच्या दोन कार्बनांवरील हायड्रोजन काढून तेथें दोन क्लोरीन बसविले. त्या दोन कार्बनांमध्यें कधीं दुहेरी रेघ येईल, कधीं एकेरी. म्हणजे दोन निरनिराळे पदार्थ मिळावयास पाहिजेत. १८६९ सालीं आल्बर्ट लाडेनबुर्ग यांनीं हा आक्षेप घेतला. प्रत्यक्षांत असा पदार्थ एकच मिळतो. दुसरा कोणासहि सांपडला नाहीं. यावर केकुले यांनीं १८७२ सालीं उत्तर दिलें कीं, दुहेरी बंध एका ठिकाणीं स्थिर नसून एकसारखे आपली जागा बदलीत असावेत. म्हणजे मीं वर्गांत जें सांगितलें तें १८७२ सालचें उत्तर होतें! त्या काळीं इलेक्ट्रॉन कोणास ठाऊकहि नव्हता. तेव्हां केकुले यांस दोष देतां येत नाहीं. मला मात्र तें निमित्त नव्हतें.

खरा निवाडा मोजमापानें झाला. १९२९ सालीं इंग्लंडमधील लीड्स येथें कॅथलीन लॉन्सडेल या विदुषीनें बेंझीनचेंच कडें असलेल्या एका संयुगाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडून आंतील अणूंच्या जागा ठरविल्या, आणि तें कडें सपाट व षट्कोनी आहे असें सिद्ध केलें. पुढें अधिक अचूक मापें झालीं. दोन कार्बनांमधील एकेरी बंधाची लांबी ०.१५४ नॅनोमीटर, दुहेरीची सुमारें ०.१३४. दुहेरी बंध अधिक घट्ट, म्हणून आंखूड. आतां बेंझीनमध्यें तीन बाजू लांब आणि तीन आंखूड दिसावयास हव्यात. पण साही बाजू अगदीं सारख्या, प्रत्येकी सुमारें ०.१४० नॅनोमीटर, म्हणजे एकेरीहून आंखूड आणि दुहेरीहून लांब, अशा निघाल्या.

मग त्या जादा तीन रेघा गेल्या कोठें? याचें उत्तर एका वाड्याच्या दृष्टांतानें देतों.

एक जुना वाडा आहे. मध्यें चौक, आणि चौकाभोंवतीं सहा बिऱ्हाडें. प्रत्येक बिऱ्हाडाची भिंत उजवीकडील व डावीकडील शेजाऱ्याच्या भिंतीस लागलेली आहे, आणि प्रत्येकाचें एक दार बाहेर रस्त्यावर उघडतें. हीं तीन नातीं पक्कीं. तसेंच बेंझीनमधील प्रत्येक कार्बन आपल्या चार इलेक्ट्रॉनांपैकीं दोन दोहों बाजूंच्या कार्बनांशीं, आणि एक बाहेरच्या हायड्रोजनशीं, जोडी जमविण्यांत घालतो. उरला एक. असे सहा कार्बनांचे मिळून सहा इलेक्ट्रॉन उरतात. आमची लिपि म्हणते कीं, शेजाऱ्याशेजाऱ्यांनीं दोन दोन मिळून यांच्या तीन जोड्या कराव्या; म्हणजे चौकांत भिंती घालून तीन खोल्या पाडाव्या. पण सृष्टि तसें करीत नाहीं. ती चौक मोकळाच ठेविते. ते सहा इलेक्ट्रॉन साही घरांचे सामाईक राहतात. चौक कोणत्या बिऱ्हाडाचा, असें विचारलें तर उत्तर एकच: सर्वांचा.

दृष्टांत येथें थोडा सुधारून घ्यावा लागतो. हे इलेक्ट्रॉन कड्याच्या पोकळींत बसलेले नसतात. कडें ताटाप्रमाणें सपाट आहे. त्याच्या वरच्या आणि खालच्या अंगास, कार्बनांच्या माथ्यांवरून, त्यांचा विरळ ढगासारखा पट्टा वर्तुळाकार पसरलेला असतो. अशा इलेक्ट्रॉनांस इंग्रजींत 'डिलोकलाइज्ड' म्हणतात, म्हणजे एका स्थानास न बांधलेले. मीं त्यांस सामाईक इलेक्ट्रॉन म्हटलें आहे, कारण जमिनीच्या कागदपत्रांतील हा शब्द आपल्याकडील सर्व वडीलमंडळींच्या परिचयाचा आहे.

कोणी विचारील कीं, एवढा खटाटोप कशासाठीं? जोड्या जमवून स्वस्थ बसण्यांत काय वाईट होतें? त्याचें कारण सतारीच्या तारेंत सांपडतें. तार आंखूड धरली कीं सूर चढतो. लांब सोडली कीं उतरतो. १९२४ सालीं फ्रान्समधील लुई द ब्रॉय यांनीं असें मांडिलें कीं, इलेक्ट्रॉन हा नुसता कण नसून त्याच्या ठिकाणीं तरंगाचेहि गुण आहेत, आणि १९२७ सालीं प्रयोगांनीं तें खरें ठरलें. तरंग म्हटला कीं तारेचा नियम लागू झाला. इलेक्ट्रॉन दोनच अणूंमध्यें कोंडला तर त्याची तार आंखूड, सूर चढा, म्हणजे ऊर्जा अधिक. सहा अणूंवर पसरूं दिला तर तार लांब, सूर उतरता, ऊर्जा कमी. आणि जेथें ऊर्जा कमी तेथें स्थैर्य अधिक, हा सृष्टीचा सामान्य नियम आहे. मात्र चौकांत कितीहि जण आले तरी हा लाभ सारखाच होतो असें नव्हे. जर्मन शास्त्रज्ञ एरिख ह्युकेल यांनीं १९३१ सालापासून केलेल्या गणितांतून असें निघालें कीं, अशा कड्यांत दोन, सहा, दहा अशा संख्येनें इलेक्ट्रॉन असले तर तें विशेष स्थिर होतें. चार किंवा आठ असले तर होत नाहीं. बेंझीनला सहाचा योग साधला आहे.

हा लाभ किती, तेंहि मोजलेलें आहे. १९३६ च्या सुमारास हार्वर्ड येथें जॉर्ज किस्टियाकोव्स्की आणि त्यांचे सहकारी यांनीं निरनिराळ्या पदार्थांस हायड्रोजन पुरवून किती उष्णता बाहेर पडते तें पाहिलें. सायक्लोहेक्झीन नांवाच्या पदार्थांतहि सहा कार्बनांचें कडें असतें, पण दुहेरी बंध एकच. त्याच्या एका मोलमागें सुमारें १२० किलोज्यूल उष्णता निघते. बेंझीनमध्यें खरोखर तीन दुहेरी बंध असते तर तिप्पट, म्हणजे ३६० किलोज्यूल निघावयास पाहिजे होती. प्रत्यक्षांत निघाली सुमारें २०८. डोंगरावरून सोडलेला दगड अपेक्षेहून कमी आदळला, तर तो मुळांतच खालच्या पायरीवर उभा होता असें आपण समजतों. बेंझीन त्या कागदी चित्रापेक्षां सुमारें १५२ किलोज्यूल खालच्या पायरीवर उभें आहे. ब्रोमीनकडे तें पाठ कां फिरवितें तें आतां कळेल. ब्रोमीनला दोन कार्बनांवर जागा द्यावयाची तर चौक मोडावा लागतो, आणि त्याची किंमत जबर आहे. त्यापेक्षां बाहेरच्या दारावरचा एक हायड्रोजन बदलला तर चौक शाबूत राहतो. बेंझीन तोच मार्ग पत्करतें.

आतां त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊं. बेंझीन खूप थंड केलें तर रेघा थांबतील काय? उत्तर: नाहीं, कारण थांबण्यासारखें कांहीं हालतच नव्हतें. शून्याखालीं शंभर अंशांहून अधिक थंड केलेल्या बेंझीनच्या स्फटिकांचीं मापें घेतलीं आहेत. तेथेंहि साही बाजू सारख्याच आढळतात. हेलकावा असता तर थंडीनें तो मंदावून एखादी बाजू लांब व एखादी आंखूड दिसली असती. त्या मुलीनें नकळत जी कसोटी सुचविली तिनेंच माझें विधान खोटें ठरतें.

मग फळ्यावर ते दोन षट्कोन काढावयाचे कशासाठीं? ज्यानें खेचर कधीं पाहिलें नाहीं त्यास आपण म्हणतों कीं, तें कांहींसें घोड्यासारखें व कांहींसें गाढवासारखें असतें. याचा अर्थ खेचर सकाळीं घोडा आणि सायंकाळीं गाढव होतें, असा नव्हे. तें सदासर्वकाळ खेचरच असतें. अमेरिकेंतील लायनस पॉलिंग यांनीं ही दोन चित्रांनीं एका वस्तूचें वर्णन करण्याची रीति १९३० नंतरच्या दशकांत रूढ केली. फरक इतकाच कीं, घोडा व गाढव हे दोन्ही प्राणी खरोखर आहेत. बेंझीनचीं तीं दोन चित्रें मात्र केवळ कागदावर आहेत. कित्येक पुस्तकांत षट्कोनाच्या आंत एक वर्तुळ काढितात. ही खूण रॉबर्ट रॉबिन्सन व जेम्स आर्मिट यांनीं १९२५ सालीं योजिली. तें चित्र सामाईकपणा चांगला दाखवितें, पण इलेक्ट्रॉन मोजावयाचे असतील तर रेघांचेंच चित्र सोईचें पडतें. प्रसंगानुरूप कोणतेंहि वापरावें. मात्र चित्रास वस्तु समजूं नये.

बेंझीन स्वतः विषारी आहे. दीर्घकाळ त्याची वाफ श्वासावाटें आंत गेल्यास रक्ताचा कर्करोग होण्याचें भय असतें. म्हणून शाळेंत त्याची बाटली ठेवीत नाहींत. परंतु सामाईक इलेक्ट्रॉन पाहण्यास प्रयोगशाळेंतच गेलें पाहिजे असें नाहीं. स्वयंपाकघरांतील हळद घ्या. तिच्या रंगद्रव्यांत दोन बेंझीनसारखीं कडीं असून त्यांस जोडणाऱ्या सांखळींतहि एक आड एक दुहेरी बंध असतात. त्यामुळें इलेक्ट्रॉनांस लांबच लांब तार मिळते. तार लांब झाली कीं एका सुरावरून वरच्या सुरावर चढण्यास थोडी ऊर्जा पुरते. बेंझीनच्या आंखूड तारेस त्यासाठीं डोळ्यांस न दिसणारे जंबुपार किरण लागतात, म्हणून तें रंगहीन. हळदीला जांभळा-निळा प्रकाश पुरतो, म्हणून तो गिळला जाऊन बाकीचा पिंवळा आपणांस दिसतो. गाजरांतील रंगद्रव्याचें रहस्य हेंच. त्याच्या सांखळींत असे अकरा दुहेरी बंध ओळीनें असतात. हळदीचा डाग साबणानें धुतांना लाल कां होतो, हें आपल्या घरच्या माउलींनीं अनेकदां पाहिलें असेल. साबणांतील क्षार त्या रेणूंतील हायड्रोजनचें केंद्रक काढून घेतो, इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, तार आणखी सैल पडते आणि रंग तांबडा होतो. हळदीला चुना लावून कुंकू करणाऱ्यांनीं याच गुणाचा उपयोग केला.

दुसरा प्रयोग मुलांनीं स्वतः करावा. एक शिसपेन्सिल दोन्ही टोंकांस तासावी. दोन लहान बॅटरी सेल, एक तांबडा एल.ई.डी. दिवा व तारा घेऊन मंडल जोडावें, आणि मध्यें पेन्सिलीचें शिसें घालावें. दिवा लागेल, न लागल्यास दिव्याच्या तारा उलट जोडून पाहाव्या. घरांतील विजेच्या बटणास मात्र हात लावूं नये. पेन्सिलींत खरोखर शिसें नसतें. ग्राफाइट म्हणजे कार्बनच असतो. त्यांत प्रत्येक कार्बन तीन शेजाऱ्यांशीं बांधलेला असून चौथा इलेक्ट्रॉन सामाईक असतो. म्हणजे सहा घरांचा चौक वाढत वाढत साऱ्या गांवाचें मैदान झालें, असें समजा. त्या मैदानांतून वीज वाहते. हिराहि कार्बनचाच; पण त्यांत चारी इलेक्ट्रॉन जोड्यांत बांधलेले, म्हणून त्यांतून वीज जात नाहीं. २००४ सालीं मँचेस्टर येथें आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनीं साध्या चिकटपट्टीनें ग्राफाइटचा एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा वेगळा केला, आणि त्याबद्दल त्यांस २०१० सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. तांब्याच्या तारेंतहि वीज वाहविणारे इलेक्ट्रॉन असेच सर्व अणूंचे सामाईक असतात.

विद्यार्थ्यांनो, परीक्षेंत तुम्ही षट्कोनांत तीन दुहेरी रेघा काढाल, आणि तें बरोबरच आहे. पण काढतांना मनांत समजून असा कीं, त्या तीन रेघांच्या जागीं प्रत्यक्षांत सहांचा एक सामाईक चौक आहे. पालकांस एवढीच विनंति कीं, मुलानें "असें कां?" म्हणून विचारलें आणि आपणांस उत्तर ठाऊक नसलें, तर "मलाहि ठाऊक नाहीं, आपण शोधूं" असें सांगावें. 'खालीं बैस' म्हणणें सोपें आहे. मीं तें केलें, आणि त्याची भरपाई करावयास एक वर्ष लागलें. ती मुलगी आतां शाळा सोडून पुढें शिकावयास गेली आहे. हा अंक तिच्या हातीं पडला तर तिनें समजावें कीं, तिच्या प्रश्नाचें उत्तर उशिरानें कां होईना, तिच्या सरांनीं दिलें आहे.